गूळ खाल्लेलं भांडण

पाथरवाडी (वाटूरजवळ), ता. परतूर
८ जानेवारी २०२५

चि. शीतल हिस,
निजाम चाचाकडून दुआ आणि अनेक आशीर्वाद.

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोन न करता पत्र लिहितोय याला दोन कारणं. एक, माझे कान आता फोनशी जुळवून घेत नाहीत. तू तिकडे पुण्यात बोलतेस आणि मी इथे नुसता हो हो करत बसतो. दुसरं, फोनवर तू "बघते चाचा" म्हणतेस आणि कामाच्या रगाड्यात विसरतेस. तिसरीपासून सातवीपर्यंत तुला वर्गात शिकवलंय, तुझी सवय मला ठाऊक आहे. कागद टेबलावर पडून राहतो आणि डोळ्यांत खुपतो.

तर काम सांगतो. शाळेमागच्या पडीक जागेत तुझे वडील पुंजाराम आणि मी, दोघांनी मिळून दोन वर्षांपूर्वी शूटिंगबॉल, हा व्हॉलीबॉलसारखा जाळीवरचा खेळ, सुरू केला. गावातली पोरं दिवसभर कामावर असतात. कोणी वाटूर फाट्याच्या गॅरेजात, कोणी कापसाच्या जिनिंगवर, कोणी मोसंबीच्या बागेत. खेळायचं तर अंधार पडल्यावरच. गिरणीवाल्या रामकिसनने त्याच्या मीटरवरून वायर दिली होती, त्यावर दोन हॅलोजन चालायचे. नियम एकच: एका गल्लीची पोरं एका संघात नकोत. दिवाळीनंतर रामकिसनने गिरणी विकली आणि नव्या मालकाने वायर काढली. त्याला तरी काय बोलणार, बिल त्याच्या नावावर येतं.

तेव्हापासून मैदान अंधारात आहे. तुमच्याकडची पोरं मारुतीच्या पारावर आणि आमच्याकडची मशिदीच्या ओट्यावर, मोबाईलमध्ये डोकं घालून बसतात. परवा पारावर एकाचा वाढदिवस झाला. तालुक्याहून कोणी 'भाऊ' आला आणि पोराने तलवारीने केक कापला. त्याच आठवड्यात ओट्यावर दुसरा वाढदिवस, दुसरा भाऊ, आणि त्याहून मोठी तलवार. केक दोन्हीकडे एकाच बेकरीचा होता.

मला आता थकवा येतो, शीतल. जाळी आणि चेंडू मी पेन्शनीतून घेतो, त्यावरच मैमूना पुरेसं बोलते. मीटर, चार खांब, दिवे आणि वर्षाचं बिल मला झेपायचं नाही. तुझी संस्था पोरांना मारामारीपासून लांब ठेवणाऱ्या कामांना पैसे देते, असं तुझी आई सांगत होती. खरं असेल तर बघ. नसेल तर तसंही कळव, म्हणजे मी वाट बघणार नाही.

तुझा,
निजामोद्दीन


पुणे
१९ जानेवारी २०२५

आदरणीय निजाम चाचा,
सा. नमस्कार.

पत्र खरंच टेबलावर पडून राहिलं आणि खरंच खुपलं. तुम्ही जिंकलात.

पैसे आहेत. योजना अगदी तुमच्या कामासारखीच आहे: तरुणांना हिंसेपासून दूर ठेवणारे गावपातळीवरचे उपक्रम. मी वाचताना हसले, कारण तुम्ही आणि अण्णा जे वायर ओढून करता तेच तिथे चोवीस पानांत लिहिलंय. पण एक अट आडवी येते. गावात गेल्या तीन वर्षांत हिंसेची घटना घडलेली असावी आणि तिची पोलिसांत नोंद असावी. मी शोधलं. पाथरवाडीच्या नावावर काहीच नाही.

मला आठवतं, दोन वर्षांपूर्वी आई फोनवर म्हणाली होती की पोरांची जरा वाजली आणि तुमच्या नातवाला, फहीमला, टाके पडले. मी पुढे विचारलं तर तिने विषय भाजीवर नेला. चाचा, ते काय होतं? किती पोरं होती, कोणी कोणाला मारलं? पोलिसांची नोंद नसेल तर सुमेधा मॅडम, म्हणजे माझ्या वरच्या, एक सवलत देतात. त्या भांडणातल्या एका मुलाची कहाणी लागते. आधी कसा होता, खेळाने कसा बदलला. फार नाही, पानभर.

मला माहीत आहे हे ऐकायला कसं वाटतं. चार वर्षांत मी किती गावांची दुखणी पानभरात बसवली याची मोजदाद सोडून दिलीय. पण पैसे याच दारातून येतात. लवकर लिहा.

तुमची,
शीतल


पाथरवाडी
२ फेब्रुवारी २०२५

चि. शीतल,
दुआ.

तुझ्या आईने विषय भाजीवर नेला ते बरोबर केलं. तू अकरावीला जालन्याला गेलीस ती गेलीस, म्हणून तुला गावची ही रीत पुरती माहीत नाही. ती सांगतो.

आपल्याकडे भांडण मिटलं की दोन्ही बाजूंची वडीलधारी माणसं गिरणीच्या ओट्यावर बसतात आणि एकमेकांच्या तोंडात गूळ घालतात. गूळ खाल्ला की ते भांडण संपलं. नुसतं संपलं नाही, झालंच नव्हतं. पुढे कोणी त्याचं नाव काढलं तर त्याने गावजेवण घालायचं. माझ्या हयातीत फक्त तुझ्या आजोबांना घालावं लागलं. भांडण बांधाचं होतं आणि वरण फार पातळ होतं, एवढंच मी सांगू शकतो, आणि तेही दबकत.

त्या भांडणाचाही गूळ खाल्लाय. तुझ्या वडिलांनी माझ्या तोंडात घातला, मी त्यांच्या. म्हणून कोणी कोणाला मारलं ते विचारू नकोस. पोलिसांत गेलो नाही हे खरं आहे. पोरं भरतीची तयारी करत होती, आणि पडताळणीत नाव निघालं की पोरगं आयुष्यातून उठतं. दवाखान्यात मी सांगितलं, मोटारसायकलवरून पडला.

आता तुझी ती अट मी दोनदा वाचली. म्हणजे आम्ही भांडण मिटवलं, म्हणून भांडणं मिटवायला आम्हाला पैसे नाहीत. डोकं फुटल्याचा कागद सांभाळून ठेवला असता तर मिळाले असते. पस्तीस वर्षं गणित शिकवलं, पण असं उदाहरण कोणत्याच इयत्तेला नव्हतं. तुझ्यावर रागावलो नाही. तू दारात उभी आहेस, दार तू बांधलेलं नाही.

मैदानाबद्दल काय हवं ते लिही. पोरांचे फोटो फहीमच्या मोबाईलवरून पाठवतोय. चेंडू घेतलेला फोटो त्याचाच आहे, सांगूनही हसला नाही. खांबांचं तेवढं बघ. काल पारावरच्या आणि ओट्यावरच्या पोरांत पाण्याच्या टाकीपाशी बाचाबाची झाली. पुंजाराम मधे पडले म्हणून निभावलं.

तुझा,
निजामोद्दीन


पुणे
६ मार्च २०२५

आदरणीय चाचा,
रमजानच्या शुभेच्छा.

मंजूर झालं! मीटर, चार खांब, एलईडी दिवे, जाळ्या, चेंडू आणि दोन वर्षांचं वीजबिल. पहिला हप्ता या महिन्यात, दुसरा पुढच्या वर्षी. सोबत करार आहे, खुणा केल्यात तिथे सह्या करून पाठवा. इंग्रजीत आहे, वैतागू नका.

कहाणीचा रकाना रिकामा ठेवता येत नव्हता. मला जेवढं ठाऊक होतं त्यावरून मी लिहिलं. तुम्ही कोणाला पाठीशी घालताय ते मला कळतं, चाचा. आजोबाचं काळीज आहे. पण काळजी करू नका, वाईट काहीच लिहिलेलं नाही, उलट पोराचं कौतुकच आहे. मॅडमना तर ते इतकं आवडलं की बैठकीत त्यांनी तेच वाचून दाखवलं.

या वर्षी माझे पाच प्रस्ताव परत आले होते. हा सहावाही आला असता तर मी ही नोकरी सोडून आईच्या हाताखाली शेवया करायला आले असते. अण्णांना सांगा, आणि पप्पूला सांगा, ताईने सांगितलंय की आता अंधाराचं निमित्त संपलं.

तुमची,
शीतल


पाथरवाडी
१२ एप्रिल २०२५

चि. शीतल,
दुआ, आणि ईदच्या शिरखुर्म्याचा तुझा वाटा मी खाल्ला.

दिवे लागले. खांब उभे करायला मजूर आलेच नाहीत, पोरांनीच खड्डे खणले. पहिल्या दिवशी बटण दाबलं तेव्हा चिंचेवरचे सगळे बगळे उठले आणि अर्धं गाव बघायला आलं. मी घरी जाऊन आधी आडवा झालो. आनंद झाला की मला आजकाल झोप येते.

पारावर आता म्हातारे बसतात, ओट्यावर नमाजी. ते दोन्ही भाऊ एकदा येऊन गेले, चहा पिऊन परतले, कारण ज्यांना भेटायचं ती पोरं जाळीपाशी होती. तुझा पप्पू जाळीवर उभा राहतो. उंच आहे, चेंडू पुढे जाऊच देत नाही. फहीम त्याच्या मागे, शूटर. पप्पू चेंडू अडवून नुसती मान हलवतो आणि फहीमला कळतं कुठे मारायचा. त्या दोघांना एकत्र खेळताना बघतो तेव्हा मला वाटतं की आपण आयुष्यात एक तरी काम पुरं केलं. हे मी त्यांना सांगत नाही, डोक्यावर बसतील.

मी कोणाला पाठीशी घालतोय असं तू लिहिलंस, ते नीटसं कळलं नाही. करारावर तू खुणा केल्या होत्यास तिथे सह्या केल्या. वाचला नाही. उद्घाटनाला तू येशील ना? तुझ्या आईने, सगुणाबाईने, पापड वाळत घातलेत.

तुझा,
निजामोद्दीन


पुणे
२२ एप्रिल २०२५

आदरणीय चाचा,

घाईत लिहितेय. उद्घाटन ३ मे, संध्याकाळी. मला यायला जमणार नाही, त्याच दिवशी नांदेडला पाहणी आहे आणि बदली द्यायला कोणी नाही. फार वाईट वाटतंय. सुमेधा मॅडम येतील, चांगल्या आहेत, चहा बिनसाखरेचा घेतात. बॅनर इथूनच छापून येईल. फहीमला धुतलेला शर्ट घालून पुढे बसवा, त्याचा सत्कार आहे. त्याला आधी सांगू नका, गंमत राहू दे.

तुमची,
शीतल


पाथरवाडी
६ मे २०२५

चि. शीतल,

तू रविवारी फोन केलास, मी घेतला नाही. कान दुखत नव्हते, मन दुखत होतं. आता जे घडलं ते क्रमाने लिहितो, कारण तू तिथे नव्हतीस आणि उद्या कोणी तुला भलतंच सांगेल.

मॅडम वेळेवर आल्या. परतूरचे दोन पत्रकार होते, पोलीस ठाण्याचे साहेब होते, गाव झाडून आलं होतं. बॅनर उलगडला तर त्यावर फहीमचा तो चेंडू घेतलेला फोटो, माणसाएवढा. खाली अक्षरं: कालचा दंगेखोर, आजचा खेळाडू. मला वाटलं, चष्मा बदलायला हवा. मग मॅडमनी कहाणी वाचली. फहीमने रागाच्या भरात एका तरुणावर हल्ला केला, स्वतःही जखमी झाला, वाईट संगतीत होता, आणि मैदानाने त्याला माणसात आणलं.

शीतल, सगळ्या गावाला खरं माहीत होतं आणि एकही माणूस बोलला नाही. गूळ खाल्ला होता ना. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. माझ्याच नातवाबद्दल वाचत होत्या आणि मी मांडीवरचं उपरणं सरळ करत राहिलो. बायकांतून मैमूना उठली आणि घरी निघून गेली. फहीमचं नाव पुकारलं. पोरगं गेलं. शाल घेतली, नारळ घेतला, "थँक्यू मॅडम" म्हणालं आणि खाली बघत उभं राहिलं.

पप्पू मागे पाण्याचे जार ठेवत होता. तो जार तिथेच टाकून पुढे आला. सांडलेल्या पाण्याचा चिखल तुडवत, सरळ मंचावर. म्हणाला, "म्याडम, त्यानं कुणाला मारलं न्हाई. म्या मारलं व्हतं त्याला. टिकावाच्या दांड्यानं. एका स्टेटसवरून. त्यानं तर हातबी उचलला न्हाई. त्याच्या केसांत हात घालून बघा, टाके हायेत."

आता तुला कळलं मी कोणाला पाठीशी घालत होतो. तुझा भाऊ होता. तुला सांगितलं नाही ते गुळामुळे, आणि थोडं यामुळेही की तू त्याला अंगाखांद्यावर वाढवलंस.

मॅडमना आधी काहीच उमगलं नाही. उमगलं तेव्हा त्या इतक्या खूश झाल्या की टाळ्या वाजवायला लागल्या. "किती धाडस! दोघं हात मिळवा, फोटो घेऊया." फहीमने हात मागे घेतला. तो पप्पूवर चिडला होता. म्हणाला, "गूळ खाल्ल्ता ना आपुन? मंग कामून बोलला तू?" पप्पू म्हणाला, "मंग काय तुझं नाव खराब व्हऊ देऊ?" "माझं नाव हाय, मी बघून घेईन. तू पोलिसासमोर बोलला, येड्या, तुझी भरती गेली." एकमेकांना ढकलाढकली झाली. भांडत होते ते एकमेकांना वाचवण्यासाठी, पण मोबाईलवर ते तसं दिसत नाही.

कोणीतरी तेवढाच तुकडा कापून फिरवला. "म्या मारलं व्हतं त्याला," आणि पुढे ढकलाढकली. दुसऱ्या दिवशी एक भाऊ ओट्यावर आला: तुमच्या पोराचं डोकं फोडलं आणि तुम्ही दोन वर्षं गप्प? दुसरा पारावर: आपल्या पोराला सगळ्यांसमोर कबूल करायला लावलं, आणि तुम्ही गप्प? दोघांनीही चहा मात्र एकाच हॉटेलात घेतला.

पुंजाराम घराबाहेर पडत नाहीत. मी गेलो तर सगुणाबाई म्हणाली, झोपलेत. दुपारचे चार वाजले होते. दिवे रोज लागतात, करारात तसं आहे. मैदानावर कुत्री असतात.

निजामोद्दीन


पुणे
२० जुलै २०२५

आदरणीय चाचा,

अडीच महिने मी हे पत्र लिहितेय. दरवेळी पहिल्या ओळीनंतर थांबते.

पप्पू माझ्याकडे आहे. मे संपता संपता एक पिशवी घेऊन आला. चाकणला गोदामात माल चढवायला जातो, येतो, जेवतो, भिंतीकडे तोंड करून झोपतो. भरतीची पुस्तकं आणली नाहीत. मी विचारलं तर म्हणाला, "राहू दे ताई, दमलो." एकवीस वर्षांचा आहे, चाचा.

मला कोणीही सांगितलं नव्हतं की फहीमने मारलं. टाके त्याला पडले होते, एवढंच ठाऊक होतं. ज्याला टाके पडले त्यालाच मी मारणारा ठरवला आणि मला एकदाही अडखळायला झालं नाही. मारणारा माझ्या घरातला असेल हे मनाला शिवलंही नाही. फहीमला मी कडेवर घेतलंय. मैमूना चाचींच्या हातचं खाऊन मी मोठी झाले. तरी लिहिताना हात तिकडेच गेला. याची मला इतकी लाज वाटते की तुमच्यासमोर उभं राहायची हिंमत होत नाही.

पण तुमच्यावरही राग आहे, तो लपवत नाही. मी तुम्हाला स्पष्ट लिहिलं होतं की कहाणी लिहिली, पोराचं कौतुक आहे. तुम्ही विचारलं नाहीत कोणत्या पोराचं. करार वाचला नाहीत. मला एका ओळीत कळवलं असतं, "फहीम नव्हता," एवढंच, तरी पुरलं असतं. तेवढ्याने गूळ बाटला असता का?

आता कामाचं. मॅडमना मी सगळं सांगितलं. त्यांनी माफी मागितली, मनापासून. आणि मग म्हणाल्या की दुसऱ्या हप्त्याआधी नवी कहाणी द्यायला हवी, आणि ही तर आधीपेक्षा सुंदर आहे: मारणारा आणि मार खाणारा, दोघे एका संघात. दोघांचा फोटो लागेल. दिली तर पुढचं वर्षभराचं बिल आणि वर नवी कोर्टं. नाही दिली तर हप्ता थांबेल. मी लिहू का? यावेळी सगळं खरं असेल. मी एकटीने ठरवणार नाही.

तुमची,
शीतल


पाथरवाडी
२३ नोव्हेंबर २०२५

चि. शीतल,
दुआ आणि आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. पावसाने कापूस काळा पडला, मैमूनाला ताप आला, ती बरी झाली तर मला आला.

तुझा राग बरोबर आहे. एक ओळ लिहिता आली असती. मी गप्प बसलो ते चांगलं करतोय असं समजून, आणि माझ्या गप्प बसण्यात फहीमच्या अंगाला तुझे शब्द चिकटले. मंचासमोरही मी बोललो नाही, ते एका एकवीस वर्षांच्या पोराला बोलावं लागलं आणि त्याने किंमत मोजली. मी ही गोष्ट पुंजारामांना बोलून दाखवली. ते म्हणाले, "मास्तर, पोराचा बाप तर म्या व्हतो. म्या कुठं बोललो?"

तुझी लाज मी कमी करू शकत नाही. फहीमला मी तुझं पत्र वाचायला दिलं. त्याने वाचून परत दिलं आणि म्हणाला, "ताईला म्हणा, शाल चांगली हाय, दादी पांघरून राह्यली." त्याच्या मनात काय आहे ते त्याचं त्याला माहीत. तू आलीस की त्याच्याशीच बोल, माझ्यामार्फत नको.

नवी कहाणी लिहू नकोस. खरी असली तरी नको. सहा महिने लागलेत आपल्या दोन घरांना पुन्हा एकमेकांकडे विरजण मागायला. आता पुन्हा फोटो, पुन्हा बॅनर, पुन्हा पोलीस साहेब, पुन्हा टाळ्या, एवढं सोसायची ताकद आता कोणात उरली नाही. मॅडमना मीच कळवलं, मराठीत, की हप्ता थांबवा. बाई भली आहे. खांब आणि मीटर राहू दे म्हणाली, बिलाचे उरलेले पैसे तेवढे परत गेले.

बिलाचं असं ठरलं की चारऐवजी दोनच दिवे लावायचे. वर्गणी गोळा करायला कोण गेलं असेल? पुंजाराम. मे महिन्यापासून उंबरा न ओलांडलेला माणूस पहिल्यांदा बाहेर पडला तो थेट मशिदीच्या ओट्यावर गेला आणि म्हणाला, "दिव्याचं बिल हाय, काय द्यायचं ते द्या." सगळ्यांनीच दिलं नाही. काहींनी तोंड फिरवलं, तुमच्या पारावरच्यांनीही. पण दोन दिव्यांपुरतं जमतं, कधी दहा दिवस उशिराने.

पोरं आली, एकदम नाही. आधी फहीम एकटाच भिंतीवर चेंडू मारत बसायचा. मग टाकीजवळचा नागसेन आला, मग गॅरेजातली दोन, आणि दसऱ्यानंतर पारावरचे दोघं. भाऊ लोकांकडे अजून बरीच पोरं आहेत. परवाच एक तलवार पुन्हा निघाली. आपल्या दोन दिव्यांनी ते सगळं थांबणार नाही, हे मला कळतं. या वयात आणखी किती पळायचं तेही कळत नाही. तरी सातला जाऊन बटण दाबतो.

गेल्या रविवारी आष्टीला स्पर्धा होती. सात जणांचा खेळ, आपण सहा घेऊन गेलो. मी म्हणालो, बोरगावचा एक पोरगा उसना घेऊ, सगळे घेतात. फहीमने ऐकलं नाही. जाळीवर कोणालाच उभं केलं नाही, ती जागा तशीच मोकळी सोडली आणि स्वतः मागून पळत राहिला. समोरचे मोकळ्या जागेतच चेंडू टाकत होते. पहिल्याच फेरीत हरलो, आणि अगदी वाईट हरलो. पुंजाराम माझ्या शेजारी बसून बिनदिक्कत शिव्या देत होते.

खेळ सुरू होण्याआधी पंचाने नावं लिहून घेतली, सहा मोजली आणि विचारलं, "सातवा कुठाय?"

फहीम म्हणाला, "पुण्याहून येऊन राह्यलाय. त्याचं नाव लिवून ठेवा."

हे तेवढं पप्पूला वाचून दाखव.

तुझा,
निजाम चाचा